मयूरपंखाचं पूर्ण नाव

पुठ्ठ्यांचा गठ्ठा कुठल्या डिझाइनचा, हे कळायला तो सोडावा लागत नसे. पहिल्याच पुठ्ठ्यावर तेलरंगानं, ब्रशच्या टोकानं नाव घातलेलं असे. ‘मयूरपंख, मोठा काठ’. ‘वेलबुट्टी, जोडपान’. ‘अण्णांचा मोर, उजवीकडे तोंड’. खाली बारीक अक्षरात पुठ्ठे किती, हूक किती, सूत कोणतं. काही गठ्ठ्यांवर हेच सगळं तेलुगूत असे. सोलापूरच्या पूर्व भागातले बरेचसे डिझाइन मास्तर पद्मशाली. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि लिहिताना हाताला जी लिपी येईल ती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही चादरीच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात जकार्डचे गठ्ठे असेच मांडणीवर रचलेले दिसायचे. नाव केवढं असावं याला मर्यादा एकच, पुठ्ठ्याच्या रुंदीची. तीही पुरली नाही तर दुसरी ओळ होतीच.

त्या नावामागे मेहनत होती. मास्तर आधी ग्राफ पेपरवर डिझाइन रंगवायचे, चौकोन चौकोन भरत. मग पंचिंगवाला एकेक ओळ वाचून पुठ्ठ्याला भोकं पाडायचा. एक पुठ्ठा म्हणजे कापडातला एक आडवा धागा. पाडून झालेले पुठ्ठे ओळीनं दोऱ्यानं शिवायचे आणि ती माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. भोक असलं की धागा उचलला जाणार, नसलं की खालीच राहणार. फ्रान्समधल्या ल्यों गावच्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र बसवलं आणि संगणकाची पंचकार्डं पुढं त्याच कल्पनेतून आली. एवढे दिवस घालून तयार झालेल्या गठ्ठ्याला कुणी उगाच काहीतरी नाव देत नसे. मोर कुणी काढला, काठ केवढा, गिऱ्हाईक कुठलं, ते सगळं नावात यायचं.

नव्वदच्या दशकात डिझाइनच्या खोलीत संगणक आला आणि डिझाइन पूर्ण झाल्यावर त्यानं पहिल्यांदा नाव विचारलं. माझा हात कीबोर्डवर आणि मोर काढणारे मास्तर अण्णा मागे खुर्चीत.

“अण्णा, नाव काय टाकू?”

“मयूरपंख टाक की. दुसरं काय टाकणार?”

मयूरपंख रोमन लिपीत लिहायला दहा अक्षरं लागतात. संगणकाच्या डॉस प्रणालीला आठच चालायची. शेवटची दोन गळाली आणि स्क्रीनवर ‘मयूरपान’ उरलं. अण्णांना इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता यायची. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “पान? यात पान कुठंय?”

आठ अक्षरांचं नाव आणि टिंबापुढे तीन, हा नियम डॉसनं त्याच्याआधीच्या सीपी/एम या प्रणालीकडून उचलला होता. त्या काळी मेमरी महाग आणि फ्लॉपी तोकडी. डिस्कवर प्रत्येक फाइलीची नोंद ३२ बाइटांची आणि त्यात नावाला राखून ठेवलेली जागा ११ बाइटांची. एवढ्यात सगळं बसवायचं तर काटकसर हवीच, हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. खटकत होतं ते वेगळंच. मयूरपंख हा शब्द देवनागरीत लिहिला तर किती खुणा लागतात? म, य, दीर्घ ऊकार, र, प, अनुस्वार, ख. सात. आपली लिपी यंत्राला ठाऊक असती तर मयूरपंख त्या आठ घरांत ऐसपैस बसला असता आणि एक घर उरलं असतं. ही काही हवेतली गोष्ट नाही. एका खुणेला एक बाइट अशी भारतीय लिप्यांची ‘इस्की’ संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ठरली होती, आणि पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटत होती. आमच्या डिझाइनच्या खोलीपर्यंत ते पोचलं नाही.

मग वही आली. लांबट, कापडी पाठीची, हिशेबाच्या वह्या विकणाऱ्याकडूनच आणलेली. डावीकडे खरं नाव मराठीत, मधे फ्लॉपीचा नंबर, उजवीकडे यंत्राला चालणारं आठ अक्षरांचं नाव. एकाच मोराच्या चार तऱ्हा झाल्या की उजवीकडच्या रकान्यात स्वर गाळलेले, आकडे चिकटवलेले शब्द यायचे, जे वाचून कुणालाही मोर आठवला नसता. सगळी ओळख डावीकडच्या रकान्यात होती. वही हाताशी असली तर फ्लॉपी बोलायची, नसली तर मुकी. ज्या कारखान्यांतून मास्तर गेले आणि त्यांच्यामागे वहीही गेली, तिथं डिझाइनं असूनही नसल्यासारखी झाली. एकेक उघडून बघण्याइतका वेळ कुणाकडे असतो?

१९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि नावाला २५५ अक्षरांपर्यंत मुभा मिळाली. मधे मोकळी जागा सोडता येऊ लागली. आम्ही ‘मयूरपंख मोठा काठ लाल’ असं रोमन लिपीत पूर्ण लिहिलं आणि बरं वाटलं. पण जुन्या प्रोग्रामांसाठी विंडोज त्याच फाइलीचं एक आखूड नाव आतल्या आत तयार करून ठेवायचं: पहिली सहा अक्षरं, पुढे ~ ही नागमोडी खूण आणि १. दुसऱ्या मयूरपंखाला २, तिसऱ्याला ३. मागावर पुठ्ठ्यांच्या जागी आलेला कंट्रोलर फ्लॉपीवरून डिझाइन वाचायचा आणि त्याला तेवढंच दिसायचं. ऑफिसात ‘मोठा काठ लाल’ आणि मागावर ‘मयूरप नागमोडी दोन’. रात्रपाळीच्या जॉबरनं दोनाऐवजी तीन चढवलं तर दोष कुणाचा? माझ्या मते नावाचा नियम करणाऱ्याचा, कारण वेगळ्या वस्तूंची नावं वेगळी दिसली पाहिजेत ही नावाकडून पहिली अपेक्षा.

नाव मराठीत लिहायची हौस याच काळात वाढली, कारण मराठी फॉन्ट हाताशी आले होते. पत्रिका, बिलं, खोक्यावरची लेबलं मराठीत छापून यायची. पण त्या फॉन्टांत मराठी फक्त दिसायला असे. आत इंग्रजीचीच चिन्हं, वर देवनागरीचा साज. फाइलीच्या नावाला फॉन्ट निवडायची सोय नसते. त्यामुळे लेबलावरचा सुरेख मराठी मजकूर नावाच्या जागी आणून चिकटवला की उलटीसुलटी रोमन अक्षरं, टिंबं आणि कंस यांचा खच पडायचा.

खरा बदल जगातल्या लिप्यांना एकाच तक्त्यात बसवणाऱ्या युनिकोडनं केला. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, तेलुगूही होती. विंडोज २००० पासून देवनागरी मुळातून हाताळता येऊ लागली आणि त्याबरोबर फाइलीचं नावही. एका फोल्डरमध्ये मराठी नावाची फाइल आणि तिच्याच खाली तेलुगू नावाची फाइल, दोन्ही वाचता येणारी. पुठ्ठ्यांच्या मांडणीवर जे सहज होतं ते संगणकाला जमायला एवढी वर्षं लागली. तरी जमलं, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

तो आनंद पुढच्याच टप्प्यावर अडला. डिझाइनचं मागाच्या फाइलीत रूपांतर करणारं जे सॉफ्टवेअर आम्ही वापरत होतो ते जुन्या घडणीचं, युनिकोड न जाणणारं. त्याच्या यादीत मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ओळखता न आलेल्या प्रत्येक खुणेमागे एक. ती निवडली की फाइल सापडत नाही असं उत्तर. कारण सरळ आहे: विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह नावात चालतच नाही. म्हणजे प्रोग्राम स्वतःच बेकायदा नाव बनवत होता आणि मग ते सापडत नाही म्हणून थांबत होता. जपानी, रशियन किंवा ग्रीक कारखान्याला अशा जुन्या प्रोग्रामांसाठी एक पळवाट होती. सेटिंगमध्ये आपली भाषा निवडली की त्या भाषेचा जुना संकेततक्ता लागू व्हायचा आणि नावं दिसायची. विंडोजमध्ये मराठीसाठी, हिंदीसाठीही, असा जुना तक्ता नव्हताच. या भाषा थेट युनिकोडमध्ये आल्या. प्रोग्रामनं युनिकोड शिकावं, नाहीतर मराठीनं बाहेर थांबावं, असा मामला. अशा प्रोग्रामांना थोड्या बदलानं युटीएफ-८, म्हणजे बाइटांत लिहिलेलं युनिकोड, घेता येईल अशी सोय विंडोज १० मध्ये २०१९ साली झाली. तोवर आमच्या धंद्यातल्या पोरांच्या बोटांना रोमन नावांचीच सवय जडली होती.

आज एमआयडीसीतल्या कुठल्याही डिझाइनवाल्याचा फोल्डर उघडा. ‘न्यू’, ‘न्यू टू’, ‘फायनल’, ‘फायनल करेक्शन’, ‘फायनल लास्ट’, सगळं रोमनमध्ये, शब्दांच्या मधे अधोरेषा. यंत्र मराठी नाव घेऊ शकतं हे त्यांना माहीत आहे. मोबाइलवर ते दिवसभर मराठीत लिहितात. फाइलीचं नाव मात्र मराठीत ठेवत नाहीत, कारण कुठंतरी, कधीतरी, कुणाच्या तरी प्रोग्रामात ते फुटलेलं त्यांनी पाहिलंय. ही भीती खोटी नाही. झिप करून पाठवलेल्या मराठी नावांचा चुराडा झालेला मी पाहिला आहे. झिपच्या मूळ रचनेत नावांसाठी अमेरिकन पीसीचा जुना अक्षरसंच गृहीत धरलेला होता आणि ‘हे नाव युटीएफ-८ मध्ये आहे’ असं सांगणारी खूण त्यात २००६ मध्ये आली. ती खूण न लावणारे आणि न वाचणारे प्रोग्राम अजून वापरात आहेत. मराठी नाव वेबच्या पत्त्यात गेलं तर प्रत्येक देवनागरी खुणेची टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ चिन्हं होतात. साधा ‘मोर’ सत्तावीस चिन्हांचा होऊन बसतो.

आमच्या धंद्याची स्वतःची लिहिण्याची रीतही या नियमांना ठेचकाळते. दुपदरी वीस नंबरचं सूत आपण २/२० असं लिहितो. तिरकी रेघ नावात चालत नाही, कारण युनिक्स या प्रणालीत ती फोल्डर आणि फाइल वेगळी करते. डॉसमध्ये ती आधीच आज्ञेच्या पर्यायांसाठी वापरात होती, म्हणून १९८३ च्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा उलटी रेघ वापरली गेली. विंडोजनं दोन्ही वर्ज्य केल्या. टॉवेलचं माप ३०*६० लिहायची सवय, तर तारा चालत नाही. तो ‘काहीही’ या अर्थानं शोधायला राखलेला. इंचाची दुहेरी खूण चालत नाही. तारीख तिरक्या रेघांनी लिहावी तर तीही नाही. सूत, माप, इंच, तारीख, म्हणजे टॉवेलवाल्याला नावात जे हवं नेमकं तेच निषिद्ध. गुणाकाराची खरी खूण × चालते, पण ती कीबोर्डवर सापडत नाही, म्हणून सगळे इंग्रजी एक्स मारतात.

नियम नकोतच असं मी म्हणत नाही. काही खुणांना नावात खरोखर जागा नसावी. युनिक्सच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, अगदी नावाच्या मधे नवी ओळसुद्धा. ती कुणाच्या कामाची? यादी वाचणारा प्रोग्राम एका फाइलीच्या दोन समजतो. युनिक्सच्या पॉझिक्स मानकानं २०२४ च्या आवृत्तीत अशी नावं तयारच होऊ नयेत याला उत्तेजन दिलं, ते योग्य झालं. सुरुवातीची आडवी रेघही त्रासाची. ‘-२ शेड’ असं नाव दिलं की आज्ञा तिला पर्याय समजते. पण त्याच मानकात ‘कुठंही चालतील’ अशा खुणांची जी यादी आहे तिच्यात इंग्रजी अक्षरं लहानमोठी, दहा आकडे, टिंब, अधोरेषा आणि आडवी रेघ, अशा एकूण ६५ आहेत. एवढ्याच वापरा म्हणजे धोका नाही, असा सल्ला सगळीकडे मिळतो. हा सल्ला प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या सोयीचा. ‘मोर जोडी’ या नावातल्या मोकळ्या जागेवर आज्ञा तुटून ‘मोर’ आणि ‘जोडी’ अशा दोन फाइली शोधल्या जात असतील, तर आज्ञा लिहिणाऱ्यानं अवतरणचिन्ह घालावं. विणकरानं मोरांची जोडी का फोडावी?

एक अडचण मात्र खास मराठीची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ‘पांढऱ्या काठाचा मोर’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्या’ दोन रीतींनी लिहिता येतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ शिफ्ट दाबून र च्याच कळीवर येतो. तो दाबून पाय मोडला आणि या जोडला की झालं. काही साधनं मात्र साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण अशी रचना करतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे. यंत्राच्या लेखी दोन वेगळी नावं. एका फोल्डरमध्ये ‘पांढऱ्या काठाचा मोर’ दोनदा दिसतो, एकात जुना काठ, एकात दुरुस्त केलेला, आणि डोळ्यांनी फरक कळायला मार्ग नाही. शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. टॉवेलच्या रंगात ‘ॲक्वा’ असतो, त्याचंही तेच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन लिहिलेले ॲक्वा जुन्या फायलींत आहेतच.

यावर प्रणाली काय करतात? लिनक्स नावाचे बाइट जुळवून बघतं, जुळले तर एक, नाहीतर दोन. विंडोजही रचना एकसारखी करून घेत नाही. ॲपलच्या जुन्या फाइल-प्रणालीत नाव साठवतानाच मोडून लिहिलं जायचं, म्हणजे ऱ चा र अधिक नुक्ता. २०१७ च्या नव्या प्रणालीत ते दिलं तसं साठवतात आणि ताडताना समान मानतात. मला ही रीत सर्वांत नीट वाटते: दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवावं आणि ताडताना माणसाच्या डोळ्यानं ताडावं. पण युनिकोडचा समानतेचा नियम ऱ आणि नुक्ता लावलेला र एवढेच एक मानतो. जोडखुणेनं बनवलेला ‘ऱ्या’ त्यात बसत नाही, आणि चंद्राचे दोन अॅ-कारही नाहीत. तिथं मराठी जाणणाऱ्या कुणीतरी नियम घालायला हवा. लॅटिन लिपीतल्या लहानमोठ्या अक्षरांचा घोळ विंडोजनं फार पूर्वी निस्तरला. ‘मोर’ मोठ्या अक्षरात लिहा की छोट्या, फाइल एकच. आपल्या लिपीत लहानमोठं अक्षर नाहीच. त्या जागी ही एक गाठ आहे, तिच्यावरही तेवढीच मेहनत व्हायला हवी.

लांबीचंही तसंच. लिनक्सवर नावाला २५५ बाइट मिळतात. युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका खुणेला तीन बाइट, म्हणजे इंग्रजीला २५५ आणि आपल्याला ८५. विंडोजवर बिनतक्रार ठेवलेलं लांब मराठी नाव लिनक्सवर चालणाऱ्या साठवणुकीच्या पेटीत जाताना अडतं. अडलं तर निदान कळतं. काही प्रोग्राम न सांगता कापतात आणि तेही बाइट मोजून, अक्षराच्या मधोमध. शेवटी चौकोनी डाग उरतो. नाव मोठं झालं तर तसं स्पष्ट सांगावं, बदलायचं असेल तर विचारावं, आणि कापायचंच असेल तर अक्षर पूर्ण ठेवून कापावं. पंचिंगवाला पुठ्ठ्याचं भोक अर्धं सोडत नसे.

आमच्याकडे आता नावाची रीत ठरली आहे. पुढे रोमनमध्ये छोटा क्रमांक, तो मागाच्या कंट्रोलरसाठी. त्यापुढे पूर्ण मराठी नाव, काठासकट, रंगासकट. सूत लिहायचं ते ‘दुपदरी वीस’. मास्तरांना तेलुगूत लिहायचं असेल तर तेलुगूत. वही अजून आहे, पण तिचा उजवा रकाना आता रिकामा असतो.

सॉफ्टवेअर विकणारे एमआयडीसीत नेहमी येतात. त्यांचा प्रोग्राम रंग किती दाखवतो, वीण कशी भरतो, हे ते तासभर सांगतात. मी एक फाइल पेनड्राइव्हवर देतो, नाव ‘पांढऱ्या काठाचा मोर, ॲक्वा’. उघडा, सेव्ह करा, झिप करा, मेलनं पाठवा, दुसऱ्या मशिनवर उघडा. नाव जसंच्या तसं परत आलं की चहा मागवतो आणि किमतीचं बोलायला बसतो.